खाडीच्या तोंडावर होडीत पाणी भरले: काठ उंचवावा, पंप बसवावा की आणखी काही करावे?

काजळीकाठ (प्रश्न)

नमस्कार. माझा धाकटा भाऊ आणि आमचे चुलते रत्नागिरी तालुक्यातील एका खाडीतून फायबरच्या लहान होडीने मासेमारीला जातात. होडी २४ फूट लांब आहे, मागच्या फळीवर ९.९ अश्वशक्तीचे आऊटबोर्ड इंजिन आहे आणि एक खलाशी धरून तिघे जण सुरमई-बांगड्याची जाळी घेऊन पहाटे निघतात व दुपारनंतर परततात. होडीची कागदपत्रे आणि दुरुस्तीचा खर्च मी सांभाळते, म्हणून हा प्रश्न मी विचारत आहे.

मागील महिन्यात पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी, दुपारी साडेतीनच्या सुमारास ते परत येत होते. खाडीच्या तोंडावर वाळूचा जो पट्टा साचला आहे, तो ओलांडत असताना मागून आलेली एक लाट इंजिनाच्या बाजूने आत फुटली. होडीची नाळ, म्हणजे पुढचे टोक, खाली दबली, होडी वळवूनही वळेना, ती आडवी फिरली आणि पुढच्या लाटेने काठोकाठ भरली. सुदैवाने ती उलटली नाही. तिघेही काठाला धरून राहिले आणि पाठोपाठ येणाऱ्या दुसऱ्या होडीवरील माणसांनी दोर टाकून त्यांना वर घेतले. जाळ्यांचा मोठा भाग आणि बर्फाची पेटी वाहून गेली, इंजिन पूर्ण भिजले, परंतु माणसे घरी आली.

आता पुढच्या हंगामापूर्वी काय करावे यावर घरात एकमत होत नाही. होडी बांधणाऱ्याने दोन्ही बाजूंचे काठ सहा इंचांनी उंच करण्यास सुचवले आहे. साहित्य विकणारे दुकानदार बॅटरीवर चालणारा पंप घ्या म्हणतात. चुलत्यांच्या मते हा समुद्राचा दिवस वाईट होता, होडीत काहीही दोष नाही. आमच्याजवळ यांपैकी एखाद्याच कामापुरते पैसे आहेत, त्यामुळे ते योग्य ठिकाणी खर्च व्हावेत अशी इच्छा आहे.

भावाने सांगितलेली एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. त्या दिवशी सकाळपासूनच तळफळ्यांखाली पाणी होते आणि परत येताना ते घोट्यापर्यंत आले होते. इतके पाणी नेहमीच असते, किनाऱ्याला लागल्यावर ते उपसून टाकतो, असे तो म्हणतो. या पाण्याचा पुढील प्रसंगाशी काही संबंध असू शकतो का?


जयगडचा जुना तांडेल

ताई, माणसे सुखरूप आली हे वाचून बरे वाटले. होडीविषयी येथे इतर जाणकार सांगतील. मला वेळेविषयी बोलायचे आहे, कारण तुम्ही दिलेला दिवस आणि तास वाचताच अर्धे चित्र स्पष्ट झाले.

आपल्याकडील जुना हिशेब असा की तिथीची पाऊणपट केली म्हणजे पूर्ण भरतीची वेळ मिळते. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, आणि दुसऱ्या दिवशी वद्य प्रतिपदेला पाऊण. जागेनुसार यात थोडा फरक पडतो, परंतु अंदाजासाठी हिशेब पुरेसा आहे. म्हणजे त्या दिवशी पाऊण वाजल्यापासून पाणी ओसरू लागले आणि साडेतीनला ओहोटी ऐन जोरात होती. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणात भरलेले सगळे पाणी सहा तासांत खाडीबाहेर पडते, त्यामुळे तोंडावरची ओढ अष्टमीच्या भांगापेक्षा (भरती-ओहोटी सर्वांत कमी असते त्या दिवसांपेक्षा) कितीतरी अधिक असते. त्याच वेळी, फेब्रुवारीपासून मेपर्यंत, सकाळचा जमिनीवरून समुद्राकडे वाहणारा मतलई वारा पडून दुपारचा वायव्येचा वारा चढलेला असतो. बाहेरून आत येणारी लाट आणि आतून बाहेर जाणारे पाणी समोरासमोर आले की लाट आखूड होते, उभी राहते आणि वाळूवर आली की फुटते. समुद्रात बाहेर तीच लाट होडीखालून नुसती निघून गेली असती.

म्हणजे उधाणाच्या दिवसांत आपल्या किनाऱ्यावर खाडीच्या तोंडाची सर्वांत वाईट वेळ आणि होड्या परतण्याची वेळ एकच येते. हे दर पंधरवड्याला घडते. यासाठी आमच्या पिढीत उधाणाच्या दिवशी दोनच रिवाज होते. एक तर भरती पूर्ण होण्याआधीच आत यायचे, नाहीतर बाहेर खोल पाण्यात थांबून ओहोटी मंदावण्याची वाट पाहायची, मग मासळीचा लिलाव चुकला तरी चालेल. आज इंजिन असल्यामुळे ओहोटीवर मात करता येते असे तरुणांना वाटते. इंजिन ओहोटीवर मात करते हे खरे, परंतु पाठीमागून येणाऱ्या लाटेचे ते काहीही करू शकत नाही.

वाळूचा पट्टा ओलांडायचाच असेल तर आधी बाहेर थांबून लाटांकडे पाहावे. मोठ्या लाटा गटाने येतात, त्यांच्यामागे काही काळ लहान लाटा असतात. तो काळ साधून, एका लाटेच्या पाठीवर, तिच्या कड्याच्या थोडे मागे राहून आत यावे. लाटेच्या पुढे पळू नये आणि मधेच इंजिन मंदही करू नये. आत शिरण्यापूर्वी जाळी खाली आणि मध्यावर घ्यावीत, बांधून टाकावीत, आणि होडीतले सगळे पाणी उपसून टाकावे. किनाऱ्याला लागल्यावर उपसणे ही उलटी रीत आहे. हे मी तुमच्या भावाला दोष देण्यासाठी म्हणत नाही. हल्ली बहुतेक जण तसेच करतात आणि म्हणूनच ते स्पष्ट सांगावेसे वाटते.


नौकाशास्त्र

मी जहाजबांधणीच्या क्षेत्रात काम करतो. तांडेलकाकांनी वेळेचे जे सांगितले आहे ते अचूक आहे, आणि तुमच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर निःसंशय ‘होय’ असे आहे. माझ्या मते घोट्यापर्यंतचे ते पाणी हेच या प्रसंगाचे मुख्य कारण आहे. लाट हे निमित्त आहे.

आकड्यांतच पाहू. तुमच्या होडीच्या तळाचा पाणी साचणारा भाग अंदाजे ६ मीटर लांब आणि १.२ मीटर रुंद धरला, तर तेथे १० सेंटिमीटर पाणी साचले म्हणजे ७२० लिटर पाणी झाले. समुद्राच्या एक घनमीटर पाण्याचे वजन सुमारे १०२५ किलो असते, त्यामुळे हे ओझे ७४० किलोच्या जवळ जाते. तिघांच्या होडीत आणखी दहा माणसे बसवल्यासारखे हे आहे. त्या ओझ्याने होडी खाली बसते, मागच्या फळीची पाण्यावरची उंची कमी होते, आणि जी लाट एरवी फळीच्या खालून गेली असती ती वरून आत येते.

वजन हा दोषाचा लहान भाग आहे. माणसे आणि जाळी आपापल्या जागी राहतात, पाणी मात्र राहत नाही. भरलेली परात उचलून चालताना ती जराशी कलली तरी सगळे पाणी कललेल्या बाजूला धावते आणि परात आणखी कलते, तसेच होडीत घडते. मागून लाटेने होडीचा मागचा भाग उचलला की आतले सातशे लिटर पाणी एकदम नाळेकडे जाते. नाळ पाण्यात रुतते आणि तेथेच अडून बसते, मागचा भाग मात्र लाटेवर पुढे ढकलला जात असतो, त्यामुळे होडी नाळेभोवती गर्रकन आडवी फिरते. त्या क्षणी इंजिनाचा पंखा अर्धवट हवेत असल्याने होडी वळवता येत नाही. तुम्ही लिहिलेला क्रम, म्हणजे नाळ दबणे, होडी न वळणे, आडवी फिरणे आणि मग भरणे, हा तंतोतंत याच घटनेचा आहे. कोरड्या होडीत पहिल्या लाटेचे पाणी आले असते तरी तिघांना ते उपसायला काही क्षण मिळाले असते.

आता तुमच्यासमोरील पर्यायांकडे येतो. बाजूंचे काठ सहा इंच उंच करण्याला माझा विरोध आहे. तुमच्या होडीत पाणी बाजूने आले नाही, मागून आले. मागची फळी आहे तेवढीच राहणार असेल तर काठ उंच करून काही साधत नाही. उलट वरच्या बाजूला वजन वाढून होडी अधिक डोलू लागते, वाऱ्याला अधिक सापडते, आणि एकदा भरली की तिच्यात आणखी पाणी मावते. जाळे ओढणाऱ्यालाही उंच काठावरून अधिक वाकावे लागते.

त्याऐवजी आधी इंजिनाची बैठक तपासा. आऊटबोर्ड इंजिने प्रामुख्याने दोन मापांत मिळतात, आखूड दांड्याच्या इंजिनासाठी फळी साधारण १५ इंच उंच असते आणि लांब दांड्याच्या इंजिनासाठी २० इंच. कित्येक लहान होड्यांमध्ये आखूड दांड्याचे इंजिन बसवण्यासाठी मागची फळी मधोमध कापून खाली घेतलेली असते आणि समुद्र तेथूनच आत येतो. तुमची फळी तशी कापलेली असेल तर इंजिनाच्या पुढे होडीच्या पूर्ण रुंदीची एक आडवी भिंत घालून घ्या, आणि भिंत व मागची फळी यांच्यामधल्या कप्प्यातून पाणी परत समुद्रात जाईल अशी दोन भोके मागच्या फळीला ठेवा. मागून आलेली लाट त्या कप्प्यात पडेल आणि निघून जाईल. काठ उंच करण्याच्या खर्चाच्या मानाने हे काम लहान आहे.

पंपाबद्दल गैरसमज होऊ नये म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. लहान होड्यांसाठी विकला जाणारा १२ व्होल्टचा पंप, ज्यावर ५०० गॅलनचा आकडा असतो, तो आदर्श स्थितीत तासाला सुमारे १,९०० लिटर, म्हणजे मिनिटाला ३१ लिटर पाणी काढतो. नळी वर चढवली, बॅटरी उतरली, जाळीत कचरा अडकला की तो आकडा बराच खाली येतो. पाण्याच्या पातळीखाली ३० सेंटिमीटरवर २५ मिलिमीटर व्यासाचे एक भोक असेल, उदाहरणार्थ तळाचे बूच निघून पडले असेल, तर मिनिटाला साधारण ४३ लिटर पाणी आत येते. भोक दुप्पट रुंद असेल तर चौपट. एका लाटेने टाकलेले सातशे लिटर काढायला त्याच पंपाला वीस मिनिटांहून अधिक वेळ लागेल. म्हणून पंप लाटेसाठी नसतो. झिरपणारे पाणी साचू न देणे हे त्याचे काम आहे आणि त्या कामासाठी तो उत्तम आहे. घ्यायचाच झाला तर पाणी चढताच आपोआप सुरू होणारा घ्या, आणि तळफळ्यांखाली ज्या खोलगट जागी पाणी गोळा होते तेथे बसवा.

याहून स्वस्त एक गोष्ट आहे. तळफळ्यांखाली मध्यावरून लांबीच्या दिशेने एक उभी पट्टी आणि रुंदीच्या दिशेने एक-दोन आडव्या पट्ट्या घालून घ्या, त्यांच्या खालच्या कडेला पाणी हळूहळू वाहण्यापुरती बोटभर भोके ठेवा. मध्यावरच्या एका पट्टीने साचलेल्या पाण्याचा होडी कलंडवणारा परिणाम एक-चतुर्थांशावर येतो. आडव्या पट्ट्यांनी नाळेकडची धाव अडते.


देवबागकर

आमच्याकडे कर्ली नदीच्या मुखाशी हेच दृश्य आहे, फक्त भरती-ओहोटीतील तफावत मुंबईकडच्या मानाने बरीच कमी. वरील दोन्ही उत्तरे मला मान्य आहेत, परंतु तांडेलकाकांच्या एका मुद्द्यात भर घालावीशी वाटते. भरती-ओहोटी तिथीवरून कळते, दूरवरच्या वादळाने पाठवलेली लाट तिथीवरून कळत नाही. वारा नसताना, आकाश निरभ्र असताना, दक्षिण महासागरातून किंवा अरबी समुद्राच्या मध्यातून आलेली लांब लाट किनाऱ्यावर पोचते. खोल पाण्यात ती जाणवतही नाही आणि वाळूच्या पट्ट्यावर अचानक उभी राहते.

हैदराबाद येथील इन्कॉइस ही संस्था या लाटांचे अंदाज रोज देते आणि तिने २०२० मध्ये लहान नौकांसाठी वेगळी सूचना सेवा सुरू केली आहे. तिच्यात केवळ लाटेची उंची न पाहता लाटेचा उभेपणा, लाटा किती दिशांनी येत आहेत आणि वारा किती झपाट्याने वाढतो आहे यांवरून लहान होडी कलंडण्याचा धोका दहा दिवस आधीपर्यंत दाखवला जातो. अंदाजातील लाटेची उंची वाचताना एक ध्यानात ठेवावे: तो आकडा मोठ्या एक-तृतीयांश लाटांची सरासरी असतो, त्यामुळे दीड मीटर लिहिले असेल तर अधूनमधून तीन मीटरच्या जवळची लाट येऊ शकते. खाडीच्या तोंडावर ओहोटीमुळे ती आणखी उभी राहते, आणि संस्थेच्या नकाशात आपल्या खाडीच्या तोंडावरचा वाळूचा पट्टा नसतो. तो हिशेब आपणच जोडायचा.

दुसरी गोष्ट नांगराची. होडीत पाणी शिरण्याचे प्रसंग आमच्याकडे वाळूच्या पट्ट्यावर जितके घडतात, जवळजवळ तितकेच बाहेर, स्थिर असताना घडतात. इंजिन बंद पडले किंवा पंख्यात जाळे गुंडाळले की माणूस मागे बसूनच खटपट करतो, हाताशी असलेला नांगर मागूनच टाकतो आणि दोर मागच्या फळीला बांधतो. होडीचा सर्वांत सखल आणि सर्वांत जड भाग अशा रीतीने लाटेकडे तोंड करून उभा राहतो, नांगराचा दोर त्याला वर उठूही देत नाही, आणि थोड्याच लाटांत होडी भरते. नांगर कायम नाळेवरूनच टाकावा, घाई असली तरी दोर नाळेपर्यंत नेऊन बांधावा. तळाच्या खडकात अडकलेले जाळे एका काठावरून तिघांनी मिळून ओढणे हाही त्यातलाच प्रकार आहे. लाटेने होडी उचलली की अडकलेले जाळे काठ पाण्याखाली खेचते. अशा वेळी सुरी हाताशी असावी आणि जाळे कापण्याचा निर्णय घरीच, निघण्यापूर्वी, झालेला असावा. हजारो रुपयांच्या जाळ्यावर सुरी चालवणे किती जड जाते याची मला पूर्ण कल्पना आहे, म्हणूनच समुद्रात तो विचार करीत बसण्याची वेळ येऊ देऊ नये असे वाटते.

ताई, तिघांनी लाइफ जॅकेट घातले होते का, ते तुम्ही लिहिलेले नाही. आपल्या समुद्राचे पाणी उबदार असते, त्यामुळे तरंगत राहिलेला माणूस बराच काळ तग धरतो. हे लाभाचे आहे, मात्र त्यासाठी तरंगत राहणे आणि होडी न सोडणे आवश्यक आहे. किनारा जवळ दिसतो म्हणून ओहोटीविरुद्ध पोहत निघालेला माणूस थकतो. तटरक्षक दलाचा १५५४ आणि सागरी पोलिसांचा १०९३ हे दोन्ही क्रमांक पाणबंद पिशवीतल्या मोबाइलमध्ये नोंदवून ठेवावेत. मोबाइलची रेंज नसलेल्या अंतरावर जाणाऱ्यांनी इस्रोने विकसित केलेले संकट-संदेश यंत्र मिळवण्यासाठी मत्स्यव्यवसाय विभागाकडे चौकशी करावी. त्याच्या दुसऱ्या पिढीच्या यंत्रात आपला संदेश पोचल्याची पोचही परत मिळते, आणि पाण्यात लटकत असलेल्या माणसासाठी त्या पोचेचे मोल फार मोठे आहे.


काजळीकाठ

सर्वांचे मनापासून आभार. भावाला आणि चुलत्यांना हे सर्व वाचून दाखवले. मागची फळी खरोखरच इंजिनासाठी मध्यभागी कापलेली आहे. मोजली तेव्हा १५ इंच भरली. लाइफ जॅकेट होडीत होती, परंतु नाळेच्या कप्प्यात कोंबलेली होती आणि ती काढायला वेळ मिळाला नाही. ती यापुढे अंगावरच राहतील असे घरात ठरले आहे.

चुलत्यांनी एक प्रश्न विचारला आहे. पूर्वीच्या लाकडी होड्या भरल्या तरी बुडत नसत, त्यांना धरून माणसे तासन्‌तास राहत. फायबरची होडी भरल्यावर तशी राहील का? आमची राहिली, परंतु काठ जेमतेम पाण्याच्या वर होता आणि मागचा भाग खाली गेला होता असे ते सांगतात. शिवाय तळातून पाणी नेमके कोठून येते हे कसे शोधावे? डोळ्यांना एकही भेग दिसत नाही.


फायबर कारागीर

काकांचे निरीक्षण बरोबर आहे. आंबा, फणस किंवा साग यांचे लाकूड पाण्यापेक्षा हलके असते, म्हणून लाकडी होडी भरली तरी तिचे अंगच तिला तोलते, आणि उलांडी (तोल राखण्यासाठी बाजूला जोडलेला ओंडका) असलेली होडी तर सहसा उलटतही नाही. फायबरचे तसे नाही. काचतंतू आणि रेझिन यांचा थर पाण्यापेक्षा जवळजवळ दीडपट जड असतो. त्यामुळे आत हवाबंद कप्पे किंवा फोम नसेल तर भरलेली फायबरची होडी इंजिनासह तळाला जाते. तुमची तरली, म्हणजे तिच्यात फोम आहे. मागचा भाग खाली गेला, म्हणजे इंजिनाजवळ तो पुरेसा नाही किंवा त्याने पाणी शोषले आहे.

आधी गळती पाहू. होडी किनाऱ्यावर घेऊन तळाला तीन-चार ठिकाणी नीट आधार द्या, बाहेरून धुऊन पूर्ण वाळू द्या आणि बाहेरच्या अंगावर राख किंवा खडूची पूड चोळा. मग आतून जेमतेम वितीच्या निम्मे पाणी भरा. त्याहून जास्त भरू नका, कारण जमिनीवर ते वजन होडीच्या अंगाला सोसत नाही. जेथून पाणी झिरपते तेथे पुडीवर ओला डाग उमटतो आणि डोळ्यांना न दिसणारी भेग दिसते. माझ्याकडे येणाऱ्या होड्यांमध्ये गळती बहुधा तीन जागी सापडते: तळाचा कणा, जो वाळूवरून ओढून ओढून झिजलेला असतो, तळाचे बूच, ज्याचे रबर कडक झालेले असते, आणि मागच्या फळीवरचे इंजिनाचे बोल्ट, ज्यांच्या भोकांतून पाणी फळीच्या आतल्या लाकडात शिरते. तिसऱ्या प्रकाराकडे दुर्लक्ष करू नका, कारण आतले लाकूड कुजले की एखाद्या दिवशी इंजिनच फळीसह हलू लागते. बोल्टच्या आजूबाजूला लाकडी हातोडीने ठोकून पाहा. चांगल्या फळीचा आवाज टणक येतो, कुजलेल्या फळीचा बोदा येतो.

कण्याची दुरुस्ती करताना भेगेवर नुसती पुट्टी फासून चालत नाही. भेगेच्या दोन्ही बाजूंचा थर चार-चार बोटे घासून उतरता करावा, गोड्या पाण्याने धुऊन मीठ काढावे, काही दिवस कडक उन्हात वाळवावा आणि मग काचतंतूंची मॅट व रेझिनचे थर चढवावेत. ओल राहिली तर नवा थर हंगामाच्या मध्यावर सुटतो. झाल्यावर कण्याखाली घासली जाणारी एक पट्टी वेगळी लावून घ्या, म्हणजे झिजेल ती पट्टी झिजेल.

आता फोमविषयी. साधारण ४०० किलोच्या फायबरच्या होडीचे पाण्याखालचे वजन एक-तृतीयांशाच्या आसपास उरते, चाळीस किलोच्या इंजिनाचे निम्म्याहून थोडे अधिक. त्यात बॅटरी, नांगर, शिशाची वजने आणि काठाला धरून असलेल्या तीन माणसांचा भार धरला, तर ३०० लिटर तरंगती जागा ही तुमच्या होडीसाठी किमान समजावी. ती कोठे आहे याला तितकेच महत्त्व आहे. सगळा फोम तळाशी असेल तर भरलेल्या होडीचा तळच वर येऊ पाहतो आणि होडी उलटते; तो दोन्ही काठांखाली, शक्य तितका वर आणि बाहेरच्या बाजूला असेल तर होडी सरळ राहते आणि उपसता येते. इंजिनाच्या दोन्ही अंगांना तो असायलाच हवा.

पैसे मर्यादित आहेत असे तुम्ही लिहिले आहे, म्हणून सांगतो: वीस लिटरचे रिकामे, घट्ट झाकणाचे प्लास्टिकचे कॅन यासाठी चालतात. प्रत्येक कॅन जवळजवळ वीस किलो उचलतो. झाकणाला सील लावून ते बाजूच्या बैठकांखाली रुंद पट्ट्याने असे जखडा की वरच्या दिशेने जोर आला तरी सुटणार नाहीत. नुसती सुतळी तुटते. थर्माकोल मात्र भरू नका. पेट्रोल सांडले की तो विरघळतो, आणि त्यावर फायबरचे रेझिन लावले तर रेझिनमुळेही विरघळतो.

तुमच्या घरच्या वादात माझे मत विचाराल तर क्रम असा असावा: आधी गळती, मग इंजिनापुढची भिंत, मग काठांखालचे कॅन. या तिन्हींचा खर्च मिळून काठ उंच करण्याच्या खर्चाहून जास्त होणार नाही असा माझा अंदाज आहे. पंप पुढच्या वर्षी घेतला तरी चालेल, मात्र दोन बादल्या दोरीने बांधलेल्या हव्यात.


काजळीकाठ

कॅनची सूचना काकांना पटली आणि त्यांनी ते गोळा करायला सुरुवातही केली आहे. हे पुरेसे झाले की नाही हे समुद्रात जाण्यापूर्वी तपासता येईल का?


फायबर कारागीर

येईल, आणि ते करावेच. अष्टमीच्या भांगात, भरती थांबलेली असताना, खाडीत छातीइतक्या पाण्यात होडी न्या. इंजिन व बॅटरी काढून ठेवा आणि इंजिनाच्या जागी मागच्या फळीला तीसेक किलो लोखंड बांधा, म्हणजे भिजलेल्या इंजिनाइतका भार पडेल. किनाऱ्यावरून एक दोर लावून ठेवा. मग होडी एका बाजूने दाबून पूर्ण भरा आणि तिघांनी एकाच काठाला धरून पाहा. काठ पाण्याखाली जाऊन होडी उलटू लागली तर कॅन आणखी वर आणि बाहेर सरकवा. मागचा भाग खाली बसला तर इंजिनाच्या बाजूचे वाढवा. ती सरळ राहिली तर एकाने आत चढून बादलीने उपसायला सुरुवात करावी आणि इतरांनी बाहेरून तोल धरावा. पाण्याची पातळी आत उतरू लागली तर तरंगती जागा पुरेशी आहे. मागच्या फळीच्या कापलेल्या भागातून पाणी परत आत येत राहिले तर इंजिनापुढची भिंत अजून दोन बोटे वाढवावी लागेल. हे सगळे मे महिन्यातच उरका, कारण १ जूनला मासेमारीबंदी लागली तरी होडी पावसाळ्यासाठी झाकून शाकारण्यापूर्वी दुरुस्तीचे थर वाळायला ऊन हवे, आणि एकदा पावसाचे लोंढे खाडीत उतरले की असे थांबलेले पाणी मिळत नाही.